मुलगा पुण्याला, इग्वाना माझ्याकडे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकला इंदिरानगर भागात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. मुलगा इंजिनिअरिंगसाठी पुण्याला गेला आणि अडीच वर्षांपूर्वी त्याने हट्टाने आणलेला हिरवा इग्वाना (झाडावर राहणारा मोठा परदेशी सरडा), रॉकी, ताईंच्या गळ्यात पडला. आणला तेव्हा वीतभर होता, आता शेपटीसकट साडेतीन फूट आहे. ऊन यावं म्हणून त्याची काचेची टाकी बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या आत ठेवली आहे. खायला पालक, कोथिंबीर, काकडी आणि अशक्त वाटतो म्हणून अलीकडे उकडलेलं अंडं. दिवाळीनंतर त्याचं खाणं कमी झालंय, रंग काळपट पडलाय, पुढच्या पायांची बोटं मधूनच थरथरतात. हात पुढे केला की फटकन शेपटी मारतो. सासूबाईंना हे जनावर घरात नको आहे. मिस्टर म्हणतात, गंगापूर धरणाकडच्या झाडीत सोडून देऊ, मोकळा होईल. मुलगा म्हणतो, मे महिन्यात येतो, तोवर सांभाळ. इन्स्टाग्रामवर एक जण फुकट न्यायला तयार आहे. ताई विचारतात, 'मला त्याची भीती वाटते, माया वाटत नाही. मनात माया नसताना जनावर पोसणं हे पाप नाही का? सोडून दिलं तर तो सुखी होणार नाही का?'

ताई,

आधी रॉकीच्या तब्येतीचं बोलू, पाप-पुण्याचं मागाहून. बोटांच्या थरथरीचं वाचल्यावर, त्याला याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, असं मी तुम्हाला लगेच कळवलं होतं. इथे तेच सविस्तर लिहिते आहे, कारण इग्वाना, बिअर्डेड ड्रॅगन, लेपर्ड गेको असे परदेशी सरडे आता आपल्याकडच्या शहरांतही हौसेने आणले जातात आणि आणणारं पोर शिकायला बाहेर पडलं की ते घरातल्या बाईच्या अंगावर पडतात. तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात.

अशी थरथर बहुतेक वेळा रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्याची खूण असते. बाहेरून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेतं. हाडं मऊ पडतात, पाठीला किंवा शेपटीला बाक येतो, आणि साध्या उडीतही पाय मोडू शकतो. कधीकधी मांड्या फुगीर दिसायला लागतात आणि घरच्यांना वाटतं, छान बाळसं धरलंय! प्रत्यक्षात आतलं हाड कमकुवत झालेलं असतं. डॉक्टरांना खालचा जबडा तपासायला सांगा. निरोगी इग्वानाचा जबडा टणक लागतो, या आजारात तो रबरासारखा दबतो. वेळेत उपचार झाले तर प्राणी सावरतो, वाकलेलं हाड मात्र पुन्हा सरळ होत नाही. म्हणून म्हणते, मे महिन्यापर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नाही.

तुम्ही म्हणाल, ऊन तर रोज मिळतंय त्याला. तिथेच घोटाळा झालाय, आणि तो तुमच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण कातडीवर पडले की इग्वानाच्या अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असलं तरच खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागतं. साधी खिडकीची काच हे किरण जवळपास सगळे अडवते. उजेड येतो, ऊब येते, पण कामाचं तेवढं बाहेरच राहतं. तुमच्याकडे तर दोन काचा आहेत, दाराची आणि टाकीची. रॉकी अडीच वर्षं उन्हात बसलेला दिसतोय आणि उपयोगाचं ऊन त्याच्या अंगाला जवळपास लागलेलंच नाही.

म्हणून पहिला बदल हा करा. सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून जाळीचा एक पिंजरा करून घ्या, आणि सकाळचं कोवळं ऊन सरल्यावर, थंडीच्या दिवसांत नऊच्या पुढे, त्याला तासभर बाल्कनीत उघड्या उन्हात ठेवा. पिंजऱ्याचा अर्धा भाग फडक्याने झाका, म्हणजे तापलं की त्याला सावलीत सरकता येईल. तेवढा वेळ कुणीतरी जवळ बसायला हवं, घारी आणि मांजरं टपलेली असतात. काचेची टाकी मात्र उन्हात अजिबात ठेवू नका. मार्च उजाडला की ती आतून भट्टीसारखी तापते आणि थोड्या वेळात जीव जाऊ शकतो. घरात वापरायला सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी ट्यूब मिळते. तिच्या आणि प्राण्याच्या मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, अंतर पाकिटावर लिहिलेलं पाळा, आणि सहा महिने ते वर्षभरात ती बदला. ट्यूब पेटत राहते, तिच्यातले यूव्हीबी किरण मात्र उतरत जातात आणि ते डोळ्यांना कळत नाही.

आता थंडीचं. हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण, दमट जंगलांतला, बहुतेक नदीकाठच्या झाडांवर राहणारा. नाशिकची हवा माणसाला मानवते, त्याला नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, आणि निफाडकडे तर द्राक्षाला थंडी बाधू नये म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. रॉकीला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. अंग गार पडलं की इग्वाना रंग गडद करतो, कारण गडद कातडी ऊन जास्त शोषते. तुम्हाला दिसलेला काळपटपणा बहुधा त्यातूनच आलाय.

खाणं कमी होण्याचं मूळही त्यातच असावं. तो पानं खातो आणि ती पोटातल्या सूक्ष्मजीवांकडून आंबवून पचवतो. हे काम उबेशिवाय होत नाही. अंग गार असेल तर पानं पोटात तशीच पडून राहतात. तुम्ही लिहिलंय, 'रुसल्यासारखा बसतो.' रुसलेला नाहीये तो, गारठलाय.

त्याला बसायच्या एका जागी ३५ ते ३८ अंश उष्णता लागते, बाकी पिंजऱ्यात दिवसा साधारण २७ ते ३२, आणि रात्री २२-२३ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी सिरॅमिक हीटर (उजेड न देता नुसती ऊब देणारा) आणि तो आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट घ्या. हीटरभोवती जाळी हवीच, नाहीतर तो थेट त्यालाच जाऊन बिलगेल आणि भाजून घेईल. गरम होणारे दगड दुकानात मिळतात, ते घेऊ नका, पोट भाजतं. तापमान हाताने अजमावू नका. वायर सोडता येते असा डिजिटल थर्मामीटर फार महाग नसतो, एक त्याच्या बसायच्या जागी आणि एक गार कोपऱ्यात लावा. रात्री लाइट गेली तर पिंजऱ्यावर जाड गोधडी टाका, हवा खेळायला थोडी फट ठेवा, आणि गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून आत ठेवा. टाकी त्याला आता अपुरी पडते हे तुम्हालाही दिसतच असेल. पूर्ण वाढलेला इग्वाना पाच-सहा फुटांपर्यंत जातो. त्याला साधारण सहा फूट उंच, आत चढायला जाड फांद्या असलेला पिंजरा लागतो. आपल्या थंडीसाठी तीन बाजू प्लायवूडच्या केलेल्या बऱ्या, ऊब टिकते.

उन्हाळ्यात उलटी काळजी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी होते. त्याला ६० टक्क्यांच्या वर दमटपणा लागतो, म्हणून दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारा. कोमट पाण्यात बसवलं तर तो पाणीही पितो आणि बहुतेक वेळा तिथेच घाण करतो, म्हणून त्याचा टब वेगळाच ठेवा.

अंडं आजपासून बंद. ताकद यावी म्हणून तुम्ही ते दिलंत हे मी समजू शकते, पण हा प्राणी शाकाहारी आहे. जास्तीच्या प्राणिज प्रथिनांचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो आणि त्रास पुढे काही वर्षांनी दिसतो, तेव्हा फारसं करण्यासारखं उरत नाही. पालकही काढा. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे आहे तेवढंही अंगी लागू देत नाही. काकडीत पाण्याशिवाय फारसं काही नाही. त्याऐवजी शेवग्याची कोवळी पानं, तुतीची पानं, जास्वंदीची पानं आणि फुलं, सोबत किसलेला लाल भोपळा. पपई, अंजीर चवीपुरतं. रोज तीच भाजी देऊ नका, बुधवारच्या बाजारातून आठवड्याची वेगवेगळी पानं आणून ठेवा. बारीक चिरून, सकाळी, तो ऊब घेऊन तरतरीत झाल्यावर द्या. संध्याकाळी दिलेलं खाऊन गार रात्रीत झोपला तर ते पचत नाही.

नाशिककरांसाठी द्राक्षाच्या पानाचं वेगळं लिहायला हवं. इग्वानाला ते फार चांगलं आणि आवडतं खाणं आहे, आणि आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबर छाटणीत पानांचे ढीग पडतात. कुणी ओळखीचा शेतकरी पोतं भरून देईलही. पण व्यापारी बागेतलं पान घेऊ नका. त्यावर बुरशीनाशकं आणि कीटकनाशकं फवारलेली असतात, आणि पानं नुसती धुऊन देणं पुरेसं नाही. कुंडीत किंवा अंगणात स्वतःचा एक वेल लावा आणि त्याला फवारणी करू नका. कॅल्शियमची पावडर डॉक्टर सांगतील तेवढीच द्या. डी-३ असलेल्या पावडरीचा अतिरेक झाला तर तोही घातक असतो.

आणखी एक शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला. रॉकी 'तो' आहे हे कुणी तपासून सांगितलंय का? नराच्या मांडीखालची छिद्रं मोठी आणि ठळक असतात, मादीची बारीक. इग्वानाची मादी नराशिवायही अंडी धरते, आणि या वयात ते होऊ शकतं. खाणं कमी पण पोट भरलेलं, कोपऱ्यात सारखं उकरणं, अस्वस्थ फेऱ्या, असं दिसत असेल तर तिला अंडी घालायला ओलसर वाळूची खोल पेटी हवी. अंडी आत अडकली तर जिवावर बेतू शकतं. तुमच्या वर्णनावरून मला थंडी आणि कॅल्शियमच जास्त वाटतं, तरी विचारून घ्या. नाकाशी पांढरी भुकटी दिसली तर मात्र घाबरू नका. जास्तीचं मीठ तो शिंकून बाहेर टाकतो.

आता भीतीचं. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका दिसेल. तो प्रकाश आणि सावली ओळखणारा तिसरा डोळा आहे. त्याने दिसत काही नाही, पण वरून सावली आली की शिकारी पक्षी आला असं त्याला कळतं. तुम्ही टाकीचं झाकण काढून वरून हात नेता. त्याच्या दृष्टीने रोज सकाळी घार झडप घालते. मग शेपटी मारणारच. पिंजऱ्याला समोरून उघडणारं दार करा. बाजूने, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, सावकाश जवळ या. उचलायचंच असेल तर जाड टॉवेल वापरून छातीखाली आणि मागच्या पायांखाली आधार द्या. शेपटीला धरू नका, ती तुटून हातात येऊ शकते. गळ्याखालची झोळी ताणून, अंग चपटं करून आडवा उभा राहिला तर तेव्हा लांबच राहा. आणि कुरवाळताना तो डोळे मिटतो, ती लाडाची खूण असेलच असं नाही. पुष्कळदा 'आता पुरे' एवढंच त्याला सांगायचं असतं.

यावरून तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. माया नसताना पोसणं पाप कसं, ताई? तुम्ही गृहीत धरलंय की सांभाळ मायेतून व्हायला हवा, आणि माया नसेल तर सांभाळ खोटा. कुत्र्याला माणसाच्या सहवासाची भूक असते, तिथे तुमचं म्हणणं बरंचसं पटलं असतं. इग्वाना तसा माणसाचा सहवास शोधणारा प्राणी नाही. ओळखीचं माणूस, ओळखीची वेळ त्याला कळते, पण मांडीवर घेतलं नाही म्हणून त्याचं काही अडत नाही. त्याला ३५ अंशांची फांदी हवी, उघडं ऊन हवं, योग्य पान हवं. हे तिन्ही देताना मनात भीती असली तरी चालतं. उलट, खूप लाड करणारी पण काचेआड ठेवणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याकडच्या जनावरांची हाडं वाकलेली होती. तुम्ही न आवडणाऱ्या जिवासाठी रोज सकाळी भाजी चिरताय. यात लाजण्यासारखं काय आहे?

मिस्टरांचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. रॉकीने जंगल पाहिलेलंच नाही, तिथे तो मोकळा होणार नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लोकांनी सोडलेले आणि पळालेले इग्वाना वाढून मोठा उपद्रव झाला आहे, आणि तिथेच थंडीची लाट आली की तेच इग्वाना गारठून झाडांवरून खाली पडतात. गंगापूर धरणाच्या काठी जानेवारीच्या पहाटे रॉकीचं काय होईल ते यावरून बघा. थंडीतून वाचला तर कुत्री आहेत, नाहीतर घोरपड समजून मारणारी माणसं आहेत. आणि तगलाच, तर परदेशी प्राणी आपल्या रानात आणून सोडल्याचं ओझं आपल्यावर. गोदावरीवरच थोडं खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं क्षेत्र. असल्या खोऱ्यात नवं जनावर घुसवायचं नसतं.

इन्स्टाग्रामवरच्या माणसालाही तूर्त नाही म्हणा. हिरवा इग्वाना साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून असे प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद करणं बंधनकारक आहे. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंद केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर होते, आणि प्राणी दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं. तुमच्याकडे कागद नसतील, पत्रातही उल्लेख नाही, तर मुलाकडे पावती आहे का ते विचारा आणि वन विभागाच्या कार्यालयात जाऊन, आहे तशी परिस्थिती सांगून, उशिराने नोंद कशी करायची ते लेखी समजून घ्या. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. शेजाऱ्यांपैकी कुणी 'यांनी घोरपड पाळलीय' अशी तक्रार केली, तर तुमच्या हातात कागद हवा. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे खरोखरच घोरपड, स्टार कासव किंवा देशी पोपट असेल, तर त्यांना नोंदीची वाट नाही. हे आपले संरक्षित वन्यजीव आहेत, घरात ठेवताच येत नाहीत. त्यांनीही १९२६ लाच फोन करावा.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचं काही अंशी बरोबर आहे. शकुन-अपशकुन बाजूला ठेवा, पण या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, आणि वयस्कर माणसांना व पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. रॉकीचा टब, भांडी, चिरायची पाटी वेगळी. काहीही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. हात लावला की साबणाने हात धुवायचे. त्याला मोकळा सोडायचाच असेल तर स्वयंपाकघर आणि सासूबाईंची खोली सोडून. एवढं स्पष्ट ठरलं तर त्यांचा विरोध निम्मा उतरेल असं मला वाटतं.

राहिला मुलगा. पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे आणि मला ती सगळ्यात जास्त खटकली. चांगली देखभाल झाली तर इग्वाना १५ ते २० वर्षं जगतो. 'मे महिन्यात येतो' हे त्याला उत्तर होऊ शकत नाही. तो सज्ञान आहे, प्राणी त्याचा आहे. त्याला व्हिडिओ कॉलवर रॉकीची थरथरणारी बोटं दाखवा आणि साध्या गोष्टी विचारा. डॉक्टरांचा आणि दिव्यांचा खर्च कोण करणार? नोंदणीचं काम या शनिवारी येऊन तो करणार का? शिक्षण संपल्यावर तो रॉकीला घेऊन राहणार आहे का, की नाही? रागावून विचारू नका, पण 'जाऊ दे, तुझा अभ्यास आहे' म्हणून सोडूनही देऊ नका. त्याचं उत्तर 'नाही' असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. मग रॉकी बरा झाल्यावर, नोंद झाल्यावर, जागा आणि अनुभव असलेलं घर शोधायला तुम्हाला सवड मिळेल, आणि ते शोधायचं कामही त्याचंच. दोन-तीन महिने लागले तरी चालतील. त्याचं उत्तर 'हो' असेल, तर तुमच्याकडे किती काळ आणि कोणत्या खर्चाने राहील, हे तारखेसकट ठरवून घ्या. तुम्हाला कायमचं सांभाळायचं नसेल तर तसं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधी फोन करून, सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करता का, हे विचारून घ्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ते करत नाहीत. नाशिकमध्ये कुणी मिळालं नाही तर मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा, तिथे निदान पुढे कुणाकडे जायचं ते तरी कळेल. नेताना मऊ सुती उशीच्या खोळीत घालून, खोळीचं तोंड सैल बांधून, झाकणाला भोकं असलेल्या डब्यात ठेवा, अंधारात तो शांत राहतो. गाडीच्या काचा बंद, एसी बंद, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली डब्याच्या एका बाजूला. सोबत ताज्या विष्ठेचा नमुना छोट्या डबीत घ्या, जंतांची तपासणी एकाच खेपेत होऊन जाईल. आणि थर्मामीटरचे आकडे दोन दिवस सकाळ-रात्र कागदावर लिहून न्या, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.